सहावीची तोंडी

"ठाऊक नाही," दुर्दाना म्हणाली.

"अगं, नदीचं नाव विचारतोय मी. तुमच्याच गावातली नदी." मौलवी साहेबांनी खिडकीकडे हात केला. खाली कोकचा नदी खळाळत होती. तिच्या आवाजापुढे वर्गात मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"विसरले."

"बरं. बारा आणि बारा?"

दुर्दानानं बोटं मोजली, पुन्हा मोजली. "तेवीस."

"चला, जवळपास तरी आलीस!" मौलवी साहेब हसले. त्यांना सर्दी झाली होती. रुमालात नाक शिंकरून त्यांनी साबेरा बाईंकडे पाहिलं. बाई जमिनीकडे बघत होत्या. पहिलीपासून पहिला नंबर न सोडलेल्या पोरीचं हे उत्तर त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं.

सहावी पास झाली की मुलीनं घरी बसायचं, असा हुकूम आहे. नापास झाली तर मात्र त्याच वर्गात आणखी एक वर्ष बसता येतं. गेल्या वर्षी निम्मा वर्ग नापास झाला आणि वरच्या कचेरीला वास लागला. म्हणून यंदा तोंडी परीक्षेला मौलवी साहेब जातीनं आले होते. लेखी पेपर दुर्दानानं नीट विचार करून चुकवला होता. आता एवढं पार पडलं की सुटली. तिला आणखी एक वर्ष हवं होतं, त्यापुढचं तिच्या डोक्यातच येत नव्हतं.

ती जागेवर येऊन बसली. गुलचेहरानं तिला कोपरानं ढोसलं. गुलचेहरा सहावीत दुसऱ्यांदा बसली होती, त्यामुळे या कामात तिचा शब्द चालायचा. "छान. पण चेहरा अजून बावळट ठेव," ती पुटपुटली. "तुझं तोंडच मेलं हुशार आहे."

एकेक पोरगी उठली, चुकली आणि बसली. कुणी रडलं नाही, कुणी हसलंही नाही. शेवटी मौलवी साहेब कंटाळले. त्यांनी सगळ्यांना नापास ठरवलं, पोरींना आणि त्यांच्या आयांच्या नावानं दोन शब्द सुनावले, आणि शिरस्त्याप्रमाणे बैठक संपवायला डोळे मिटून पठण सुरू केलं.

तीच ओळ पुन्हा पुन्हा येणारी कुराणातली सुरा त्यांनी घेतली. तिच्यात भलेभले वाट चुकतात. मौलवी साहेब मध्यावर आले आणि भलत्याच आयतीवर गेले. थांबले. मागे येऊन पुन्हा तिथूनच निघाले, पुन्हा तिथेच अडकले. वर्गात कुणी हललं नाही. पठण करणारा अडला तर ऐकणाऱ्यानं पुढचं सांगायचं असतं, अर्धवट सोडायचं नसतं. साबेरा बाईंना पुढचं येत होतं, पण परक्या पुरुषासमोर त्यांनी मोठ्यानं पठण करायचं नव्हतं.

दुर्दानाचेही डोळे मिटलेले होते. तिनं पुढची आयत सांगितली.

अगदी हळू सांगितली, घरी सांगायची तशी. मौलवी साहेबांनी ती उचलली आणि पुढे गेले. पुढच्या वळणाला पुन्हा अडले. तिनं पुन्हा सांगितलं. मग शेवटपर्यंत ते दोघं मिळूनच गेले.

पठण संपलं तेव्हा गुलचेहराची बोटं दुर्दानाच्या दंडात रुतली होती. ती केव्हापासून चिमटा काढत होती, दुर्दानाला कळलंही नव्हतं. आताही दुखत नव्हतं.

"कोण बोललं ते?" मौलवी साहेबांनी विचारलं.

ती उभी राहिली.

"कुणाकडे शिकलीस?"

"आजोबांकडे. त्यांचे डोळे गेलेत. ते पठण करतात, अडले की मी पुढचं सांगते."

"अख्खी सुरा पाठ! आणि नदीचं नाव ठाऊक नाही?"

मौलवी साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचे डोळे पाणावले होते. "माझ्या घरात पाच नाती आहेत," ते म्हणाले, "एकीलाही हे येत नाही. शाब्बास पोरी. आजोबांना माझा सलाम सांग. बाई, हिला पास करा."

"साहेब, हिचा लेखी पेपर..." बाईंचा आवाज जेमतेम निघाला.

"लेखी राहू द्या. मी माझ्या कानांनी ऐकलंय. अशा मुलीला नापास करून मी वर काय तोंड दाखवू?"

बाईंनी लिहिलं. लिहायला फार वेळ लागला नाही.

मौलवी साहेबांनी खिशातून नुकुल काढले आणि साखरेतले ते बदाम तिच्या तळहातावर ठेवले. "तोंड गोड कर." तिनं एक तोंडात टाकला. तो चावायचा असतो हे तिला आठवेना. तसाच गालात धरून ती बाकावर जाऊन बसली. गुलचेहरा जरा सरकली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

"पास झालेल्यांनी पुस्तकं कपाटात जमा करा," मौलवी साहेब म्हणाले. "नापास झालेल्यांनी घरी न्या. हिवाळाभर घासा जरा, लाज वाटू द्या."

पोरींनी खाली माना घालून पुस्तकं दप्तरात भरली. लाजेनं नव्हे, चेहरे दिसू नयेत म्हणून. दप्तरं उचलून त्या दाराशी गेल्या, बूट घालू लागल्या. दुर्दानानंही आपली पुस्तकं भरली, दप्तर खांद्याला लावलं आणि त्यांच्यामागे निघाली.

"अगं वेडे," मौलवी साहेबांनी मायेनं हाक मारली, "ती कशाला नेतेस? तू पास झालीस ना!"