भिकाजीबुवाचं नवं गाणं

"नाव झाकून वाचा हां सर. वर्गात आम्हाला वाचायला लावता तसं," चिमा म्हणाली आणि दोन कागद टेबलावर ठेवून उभी राहिली.

लिमये सरांना हसू आलं. कविता हातात आली की आधी कवीचं नाव तळहाताखाली झाकायचं, ही त्यांची जुनी खोड. रत्नागिरीच्या या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं सरली होती. येत्या मे महिन्यात निवृत्ती. एके काळी त्यांच्या रसग्रहणाच्या तासाला पोरं एका शब्दावरून हमरीतुमरीवर यायची आणि घंटा झालेली कुणाला कळायची नाही. त्या तासांची त्यांना फार आठवण यायची. हल्ली, दोन हजार साल उलटल्यावर, पोरं गाईड उघडायची, 'कवीने साध्या शब्दांत उत्कट भाव व्यक्त केला आहे' एवढं उतरवायची आणि मोकळी व्हायची. बारावीच्या वर्गात चिमा तेवढी जुन्या वळणाची. ती सरांची लाडकी होती आणि हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं.

"नाव झाकू कुठलं गो? बुवानं ते शेवटच्या ओळीत गुंफून ठेवलंय!"

बुवा म्हणजे चिमाचा बाप, भिकाजी. गावच्या जाखडीचा शाहीर. गणपतीत पायांत चाळ बांधून पोरं फेर धरायची आणि मधोमध बसून हा गायचा. सरांनी त्याला एकदा ऐकलं होतं. बाजारातून येताना घटकाभर म्हणून थांबले, ते गाण्याची बारी संपेपर्यंत हलले नाहीत. घरी पोचले तेव्हा भाजीची पिशवी तिथंच राहिलेली. त्यावरून बायकोनं वर्षभर चिडवलं होतं. आता बायको नव्हती, आणि भिकाजीही गावात नव्हता. मुंबईत कुठल्याशा गोदामात कामाला होता.

"हे जुनं," चिमानं बोट ठेवलं. "आणि हे नवं. वाडीतला बाबल्यादादा काल मुंबईहून आला, त्याच्याकडून आलं. आईला अजून ऐकवलं नाय."

"का?"

"दोन गणपती झाले, बाबा आले नाहीत. आई धड जेवत नाय, सर. कुठली गाडी वाजली की दारात जाऊन उभी राहते. तिला वाचता येत नाय, पण बाबांची गाणी सगळी तोंडपाठ. आता हे ऐकलं की ती त्याच्यावरच जगणार. म्हणून आधी तुम्ही बघा. ऐकवू की नको?"

सरांनी चष्मा पुसला. जुनं गाणं आधी घेतलं.

*घरधनीण म्हणते, पन्हळ गळते, पेज उतू जाते,*
*भिकाजी म्हणे, गाणं संपू दे, मग बघू काय होते.*

ते मोठ्यानं हसले. घर कसं डोळ्यांसमोर उभं राहत होतं! गळकी पन्हळ, चुलीवरची पेज, वैतागलेली बायको आणि तिच्या वैतागावर जीव टाकणारा नवरा. मग त्यांनी नवा कागद उचलला.

*येईन सखे, येईन गं, बोलतो मी खरं,*
*भिकाजी म्हणे, दोन घास खा, जीव राख बरं.*

सर पुन्हा पहिल्या ओळीकडे गेले. हसू केव्हाच विरलं होतं.

चाल तीच होती, नावही जागच्या जागी होतं. पण घर कुठं गेलं? पन्हळ नाही, पेज नाही, थट्टेचा एक शब्द नाही. खरोखर निघालेला माणूस गाडीचं बोलतो, सामानाचं बोलतो, आल्यावर काय जेवणार ते सांगतो. इथं 'येईन' दोनदा म्हटलेलं, वर 'खरं' म्हणून शपथ घेतलेली. आणि शेवटी काय, तर दोन घास खा, जीव राख. निरोप घेणाऱ्याचंच हे बोलणं होतं. हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की भिकाजी परत येणार नाही.

शब्दांच्या मागचं बघा, असं आयुष्यभर पोरांच्या कानीकपाळी ओरडून झालं होतं, आणि आज ते बघून सरांनी कागद पालथा घातला. चिमा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. एवढ्याशा पोरीला हे सांगायचं तरी कसं?

"ऐकव," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. 'येईन' पुन्हा आलंय ना, ती ओढ. आणि कवीनं..." सर क्षणभर अडखळले. "कवीनं साध्या शब्दांत उत्कट भाव व्यक्त केलाय. शिमग्याला येतो बघ तुझा बाप."

गाईडमधलं वाक्य आपल्याच तोंडून ऐकून त्यांना स्वतःची लाज वाटली. पण मागे घेतलं नाही.

"आणि जुन्या गाण्याशी जुळतं?"

"न जुळायला काय झालं? तोच गळा, तोच माणूस."

चिमा इतका वेळ उभीच होती. ती आता समोरच्या बाकावर बसली. तिनं कागदांची घडी घातली.

"मग आईलापण नाय कळणार."

"काय नाही कळणार?"

"बाबा नाय येणार, सर. दिवाळीत मी मुंबईला गेले तेव्हा त्यांचा दुसरा संसार बघून आले. हे गाणं मी रचलंय."