पाठमोरा

मुलांसाठी चाळीस पुस्तकं लिहून त्यांतली चित्रंही स्वतःच काढणाऱ्या दैवशालाबाई टेंभुर्णीच्या शाळेत आल्या होत्या. पोरांनी हट्टच धरला, म्हणून त्यांच्या प्रत्येक पुस्तकात असणारा तो मुलगा त्यांनी फळ्यावर काढला. नेहमीसारखाच पाठमोरा.

पुढं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, ह्याचं तोंड कधीच कसं दिसत न्हाई?"

"रुसून चाललाय तो."

"मंग हाक मारा ना त्याला! वळंल की."

बाईंच्या हातातला खडू थांबला. पन्नास वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ असाच रुसून विहिरीकडं निघाला होता. त्या दारात उभ्या होत्या. येईल आपला आपण, म्हणून त्यांनी हाक मारली नाही. तो आलाच नाही.

"नाव काय त्याचं?" मुलीनं विचारलं.

कितीतरी वर्षांनी ते नाव त्यांच्या ओठांवर आलं. "सोमेश्वर."

"सोमेश्वर!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, आणि पोरं टक लावून चित्राकडं बघत राहिली.

दैवशालाबाई मात्र फळ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. वळून बघायची त्यांची छाती होईना.