डावा हात

"सातशे छप्पन भागिले सात किती?" ढवळेबाईंनी विचारलं आणि चौथीच्या वर्गातले सगळे हात वर गेले. उत्तर येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा करायचा, असं कालच ठरलं होतं. मागे तपासणीचे साहेब बसले होते. त्यांच्या शेऱ्यावर बाईंचं कायम होणं अवलंबून होतं.

गडबडीत बाईंचं बोट नेमकं मुक्ताकडे गेलं.

"बाई, मी डावा केलाय ना!" मुक्ता रडायलाच लागली.

"डावा म्हणजे?" साहेबांनी पेन उचललं.

बाईंनी मनात विठ्ठलाला हाक मारली. कीर्तनात बुवा समोरच्यांचे चेहरे वाचतात, तसं त्यांनी वर्गाकडे पाहिलं. सव्वीस पोरं भेदरली होती, आणि बाईंच्या मनातलीच भीती त्यांच्यात उतरली होती.

"साहेब, हे सोंग मीच शिकवलं." त्यांनी मुक्ताचे डोळे पुसले. "चूक माझी गं, बाळा. आता खरं सांगा, भागाकार कुणाकुणाला येत नाही?"

हळूहळू एकोणीस हात वर झाले. साहेबांनी वही मिटली.

"महिन्याने येतो, बाई. शेरा तेव्हाच लिहीन, या एकोणीस जणांना फळ्यापाशी बोलावून."