चार वर्षं दाखवलेली पाटी

सेक्रेटरीकाकांनी यामिनीला लिफ्टशेजारची इंग्रजी पाटी बोटानं दाखवली. "शाळेत जातेस ना? वाच की! कामवाल्यांनी जिन्यानं जायचं."

धुणीभांडी करणारी तिची आई निमूट जिन्याकडे वळली. हीच पाटी दाखवून काकांनी तिला चार वर्षं रोज नऊ मजले चढायला लावलं होतं.

यामिनीनं मात्र पाटी खरंच वाचली. घराचे, इमारतीचे इंग्रजी शब्द कालच तर बाईंनी पाठ करून घेतले होते. स्टेअरकेस म्हणजे जिना, फायर म्हणजे आग. कानशिलं तापली तिची!

"काका, आग लागली तर जिना वापरा, एवढंच लिहिलंय! कुठे लागलीय आग?"

काका उगाच खिशात चष्मा शोधू लागले.

आई पायरीवरून मागे फिरली. तिनं लिफ्टचं दार सताड उघडलं. "शिरा आत. मला नवव्यावर सोडून या. आणि बटण तुम्हीच दाबा, साहेब!"