डाव्या कानातली हाक

मानसशास्त्राच्या प्रयोगाला वयस्कर माणसं कमी पडत होती, म्हणून संशोधन करणारी मुलगी आपल्या गल्लीतल्या टेलरकाकूंना कॉलेजात घेऊन आली. तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला.

"काकू, उजव्या कानात पूल कसा बांधतात त्याची माहिती ऐकू येईल. ती जशीच्या तशी मोठ्याने म्हणत राहायची. डाव्या कानाकडे अजिबात लक्ष द्यायचं नाही."

सुईत दोरा ओवताना बसायच्या तशाच काकू मान खाली घालून बसल्या आणि एकही शब्द न गाळता सगळं म्हणून मोकळ्या झाल्या. मुलगी चक्रावली. डाव्या कानात एका पुरुषाच्या आवाजात तीनदा काकूंचं नाव घेतलेलं होतं, आणि स्वतःच्या नावाशी भलेभले अडखळत.

"तुमचं नाव ऐकू नाही आलं?"

"माझं? नाही गं. कोणीतरी काहीतरी पुटपुटत होतं खरं."

मुलीने फक्त डाव्या कानातलं रेकॉर्डिंग लावलं. ते ऐकून काकू ओशाळल्यासारख्या हसल्या.

"मुलं आई म्हणतात, तुम्ही सगळे काकू. नावाने हाक मारणारे आमचे हे एकटेच. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली बघ. कानाची सवयच गेली असेल."

मुलीने फॉर्म भरला आणि हेडफोन काढायला हात पुढे केला. काकूंनी हेडफोन दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"आणखी एकदा लावतेस?"



या वेळी पहिल्याच हाकेला काकूंनी ‘ओ’ दिली.