सहाची वेळ

"उजवा डोळा मी झाकलाय. आता डाव्याने सगळ्यात खालची ओळ वाचा," ताई म्हणाली.

खुर्चीतला माणूस वाचेना. तपासणीची खोली एवढीशी, अंधारी. उजेड काय तो समोरच्या तक्त्याचा. चष्म्यांच्या या दुकानात ताई नऊ वर्षं डोळ्यांचे नंबर काढत होती. वय छत्तीसच, पण मालकीणकाकूंपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांची ती ताई. अक्षर दिसलं नाही की माणसं घसा खाकरतात, अंदाजपंचे काहीतरी ठोकून देतात. हा नुसताच हसत होता.

"अगं, ओळखलं नाहीस मला?"

आवाज फोनवर दोनदा ऐकलेला होता. फोटोतली दाढी तेवढी आता नव्हती. फ्रेम बसवताना तिची बोटं त्याच्या कानाला लागली होती. तिने हात झटकन मागे घेतला.

तीन आठवड्यांपूर्वी डेटिंगच्या अ‍ॅपवर दोघांची गाठ पडली होती. बोलायला गोड, लिहायला नीटनेटका. भेटायचं ठरलं तेव्हा तिने सगळं स्पष्ट सांगून टाकलं होतं: संध्याकाळी सहाला, वाचनालयाशेजारच्या कॉफीच्या दुकानात, एक तास. आपापलं यायचं, आपापलं जायचं. घर कुठे, दुकान कुठलं, हे पुढचं पुढे. 'तुम्ही म्हणाल तसं,' असं त्याने लिहिलं होतं. आता चार वाजले होते आणि तो तिच्याच खुर्चीत बसला होता.

"हे दुकान तुम्हाला कोणी सांगितलं?"

"चष्म्यांच्या दुकानात आहे, एवढं बोलून गेली होतीस. मग काय, एकेका दुकानाला फोन लावला. नंबर काढायला बाई आहेत का? सातव्या दुकानात सापडलीस!" तो स्वतःवरच खूश होता. "सांग बरं, कुणासाठी कोण करतं एवढा खटाटोप?"

हा अहो-जाहोवरून अगं-तुगंवर कधी आला, तिला आठवेना. तिने तर तसं म्हटलं नव्हतं.

तिने दिवा लावला, दार सताड उघडलं आणि त्याच्या नाकावरची फ्रेम काढून घेतली.

"आपलं सहाला ठरलंय. तिथे."

"पण आलोच आहे ना मी! तू आवर, मी बाहेर बसतो. मग गाडीने बरोबरच जाऊ."

"मी माझी येणार, असं ठरलं होतं."

"ठरलं होतं, ठरलं होतं... कोर्टाची तारीख आहे का ही?"

आवाज ऐकून काकू दारात आल्या. "अगं, हौसेने आलाय बिचारा. काउंटरवर फुलं बघ केवढी ठेवलीत! इतकं काय फणकारायचं?"

ताई क्षणभर विरघळली. खरंच, कुणीतरी आपल्यासाठी सात दुकानं पालथी घालतं आणि आपण उलटतपासणी घेत बसलोय. नुसती मान हलवली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण तिच्या हातात त्याची नावनोंदणीची चिठ्ठी होती, काउंटरवर त्यानेच भरलेली. नाव भलतंच. गंमत म्हणून नाव बदललं, एकवेळ समजू. त्याखालचा फोन नंबरही भलताच होता. गंमत करणाऱ्याला तो कशाला बदलावा लागतो?

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही आता जा. आणि सहालाही येऊ नका. मी येणार नाही."

तो लगेच उठला नाही. तक्त्याकडे बघत त्याने सगळ्यात खालची ओळ वाचून दाखवली, एकही अक्षर न चुकता. मग उठला, काकूंना हसून "येतो" म्हणाला आणि निघून गेला.

"घालवलास ना!" काकू करवादल्या. "आमच्या ह्यांनी सात दुकानं सोड, माझ्यासाठी सात पायऱ्या चढल्या नाहीत उभ्या जन्मात."

पाच मिनिटांनी ताईचा फोन वाजला. तिने मेसेज मोठ्याने वाचला: 'राग नाही गं. घरी पोचलोसुद्धा. जरा पडतो आता. तू शांतपणे काम कर.'

"बघ, किती समजूतदार!" म्हणत काकूंनी फुलं उचलली आणि दर्शनी काचेपाशी ठेवायला गेल्या. तिथेच थबकल्या.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "तो घरी पोचला म्हणालीस ना? मग समोर गाडीला टेकून कोण उभंय?"

रस्त्यापलीकडे तो उभा होता. हातात फोन, नजर दुकानावर.

काकूंनी फुलं कचऱ्याच्या डब्यात कोंबली आणि मालकांना फोन लावला. "असाल तिथून या. आत्ता," एवढंच म्हणाल्या. मग ताईचा दंड धरून तिला मागच्या दाराकडे ओढू लागल्या. ताई दोन पावलं गेली आणि थांबली. मागच्या गल्लीत चिटपाखरू नसायचं. आणि उद्या सकाळी पुन्हा याच दुकानात यायचं होतं.

तिने पुढचं दार उघडलं. पायरीवर उभी राहिली आणि फोन डोळ्यांसमोर धरला.

समोर त्याने केसांवरून हात फिरवला, शर्ट खाली ओढला आणि फोटोसाठी झकास हसला.

"जरा बाजूला सरका," ताई रस्ताभर ऐकू जाईल अशी ओरडली. "गाडीच्या नंबरची पाटी झाकली जातेय."