उगारलेला हात

रिठदच्या विमलबाई शेतातून आल्यावर मुलीच्या जुन्या वह्यांत चित्रं काढत. साठाव्या वर्षी वाशीमच्या एका प्रदर्शनात त्यांची चित्रं पहिल्यांदा लागणार होती. बैल, विहीर, सोयाबीन सोंगणाऱ्या बाया, अशी चित्रं मुलीनं, पौर्णिमानं, निवडून ठेवली. विमलबाईंनी पेटीच्या तळातून आणखी एक काढून दिलं. त्यात चुलीपुढे अंग चोरून बसलेली एक बाई होती आणि तिच्यावर उगारलेला पुरुषाचा हात. त्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली होती.

"आई, सारं गाव बाबाले ओळखीन," पौर्णिमा दबकत म्हणाली.

"ओळखू दे. हे नसन लावाचं, तं बाकीचेई राहू दे."

उद्घाटनाला पौर्णिमाचे वडील शेषराव आले आणि नेमके त्याच चित्रापुढे थांबले. सोबत आलेल्या गावच्या माणसांची नजर चित्रातल्या करंगळीवरून त्यांच्या हाताकडे गेली. विमलबाई चित्राजवळून हलल्या नाहीत.

"आता तं मी हात उचलत नाई. मंग हे काहून काढलं?" शेषरावांनी हळूच विचारलं.

"तुमी इसरले. मले इसरता येत नव्हतं."

शेषरावांनी एक खुर्ची ओढली आणि ते चित्राच्या बाजूला बसले. संध्याकाळी दारं बंद होईपर्यंत, जो कोणी तिथं थांबेल त्याला ते सांगत राहिले, "हात माहा हाय. चित्र माह्या बायकोनं काढलं."